जर्मन लाकूड आणि मेरठचं काळं रबर

मागच्या पंधरवड्यात पुसेगावचा एक बँडवाला माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी पिला आणि म्हणाला, "मास्तर, नवा क्लॅरोनेट घ्यायचाय. मेरठचा घेऊ, का चायना घेऊ, का जुना जर्मन कुठं मिळतो ते पाहू?"

बायको गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून लोक मला विचारतात ते जेवलात का, गोळी घेतली का, पुण्याची पोरं कधी येणार. क्लॅरोनेटचं कोणी विचारत नाही. म्हणून त्या माणसाला मी दुपारपर्यंत उठू दिलं नाही. स्वतः चहा केला, दोनदा केला.

मी चौथीपर्यंत शिकलो. जोडाक्षर आलं की अजून अडखळतो. पण क्लॅरोनेटच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. गोरेगावच्या बँडमध्ये मी छत्तीस वर्षं पहिला क्लॅरोनेट वाजवला. सेनगाव तालुक्यात असा मारुतीचा पार नसेल की ज्याच्यापुढं मी नवरदेव मिरवला नाही. त्या माणसाला मी जे सांगितलं ते इथं लिहितो. जे सांगितलं नाही ते पण लिहितो, कारण खरं म्हणजे तेच लिहायला बसलोय.

आधी मेरठचा. हा काळ्या रबराचा असतो, दगडासारखं कडक रबर. नवा असतो तेव्हा काळा कुळकुळीत. दोन हंगाम उन्हात मिरवला की हिरवट पडतो आणि घामाच्या हातानं धरला की काडीपेटी भिजल्यासारखा वास मारतो. आवाज मात्र पुढं जातो. गल्लीच्या ह्या तोंडाला फुंकला तर त्या तोंडाची म्हातारी दारात येऊन उभी राहते. उन्हाला हा भीत नाही. मे महिन्यात जीपच्या टपावर ठेवला तरी त्याला काही होत नाही. पण हातातून पडला की पाटी फुटावी तसा फुटतो, मग जोड नाही. चाव्यांचा धातू मऊ. वरातीत कोणी नाचता नाचता कोपर मारला की चावी वाकली, आणि वाकलेली चावी छिद्र झाकत नाही, सूर गळायला लागतो.

मग जर्मन. हा लाकडाचा. माझा जर्मन मी नांदेडच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरकडून घेतला, त्याच्या आधी तो कोणाकोणाच्या हातून गेला देव जाणे. लाकूड असं काळं आणि जड की पाण्यात टाकलं तर बुडेल. चाव्या अजून एक वाकलेली नाही. खालचे सूर असे, की भरल्या आडात घागर बुडते तेव्हा जो आवाज येतो ना, तसे. पण हे लाकूड थंड मुलखात घडवलेलं. आपल्याकडच्या उन्हात त्याला तडा जातो. मी वर्षातून दोनदा कोंबडीच्या पिसानं आतून जवसाचं तेल फिरवायचो, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचो, लग्नात जेवायला बसलो तर मांडीवर घेऊन बसायचो. बायको म्हणायची, "लेकरं कधी अशी मांडीवर घेतली न्हाईत." तरी एका उन्हाळ्यात वरच्या जोडाला बोटभर तडा गेलाच. त्याला रेशमाचा दोरा आवळून बांधला, वरून लाख लावली.

चायना प्लास्टिकचा. फुटत नाही, तडकत नाही, उन्हात ठेवा पावसात ठेवा. बादलीच्या जातीचा. स्क्रू तेवढे ढिले होतात. आवाजाला नाव ठेवायला जागा नाही आणि त्यात ऐकायलाही काही नाही. ज्याला पोटापुरतं वाजवायचं त्यानं घ्यावा.

आणि कोणत्याही कंपनीचा घ्या, गाद्या खराब होणार. चावीच्या खाली कातडी गादी असते, तिला कसर लागते. पावसाळ्यात चार महिने पेटीत ठेवला आणि दसऱ्याला काढला की गाद्या चाळणी झालेल्या.

पुसेगाववाला सगळं ऐकून घेत होता. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "मास्तर, आवाजात फरक पडतो तो नेमका कशानं?"

"लाकडानं," मी म्हणालो.

हे मी खोटं बोललो. बारा वर्षांपासून मला ठाऊक आहे की ते खोटं आहे.

त्यानं उरलेला चहा संपवला. मग हसून म्हणाला, "शिरड शहापूरच्या चाचाकडं बी गेलो व्हतो मी. ते म्हनले, क्लॅरोनेटचं इचारायचं त गोरेगावच्या मास्तरला इचार. त्याच्यासारखा कान जिल्ह्यात न्हाई."

मी बशी खाली ठेवली. "आसं म्हनला?"

"व्हय. मला लय नवल वाटलं. काहून की आमच्या गावात तुमची गोष्ट आजून सांगतात. मी तवा वाजवत नव्हतो, पन आमच्या बापानं पाहिलं डोळ्यानं. त्या चाचानं माउथपीस बदलून फसवायला पाहिलं आन तुमी पकडलं त्याला, पारावर, समद्या वऱ्हाडापुढं. आमच्याकडं कोनी पत्त्यात लबाडी केली त म्हनतात, शिरडचा माउथपीस लावला का रे."

 तो गेल्यावर ओट्यावर बसून राहिलो. दिवे लागले तरी उठलो नाही.

आता ती गोष्ट जशी झाली तशी सांगतो.

शिरड शहापूरचा तो माणूस, मी त्याला भाई म्हणायचो, माझ्या बँडमध्ये दुसरा क्लॅरोनेट होता. हंगामात तो आमच्याच गावात येऊन राहायचा. बँडमध्ये दोन क्लॅरोनेट खांद्याला खांदा लावून चालतात. गाणं लांब असतं, माणसाचा दम छोटा. म्हणून एकानं श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्यानं सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस न थांबता वाजवतोय. हे ठरवून करता येत नाही. मोजून करायला गेलं की दोघं एकदमच श्वास घेतात आणि गाण्याला भोक पडतं. आम्हाला कधी मोजावं लागलं नाही. त्याचा खांदा थोडा वर झाला की मला कळायचं, आता हा श्वास घेणार. तीस वर्षांत आमच्या गाण्याला भोक पडलं नाही.

त्याच्याकडे मेरठचा, माझ्याकडे जर्मन. ह्यावरून आमचं रोज भांडण. जीपमध्ये, मांडवात, पंगतीत.

मी म्हणायचो, "भाई, तुझा आवाज म्हंजे रिकाम्या कनगीत तोंड घालून बोलल्यासारखा."

तो म्हणायचा, "तुमचा जर्मन लय नाजूक हाय मास्तर. त्याला घुंघट घेऊन द्या एक."

"फुटल तुझं रबर एक दिवस."

"फुटलं त नवं आनू. तुमचं लाकूड मेलं त तेरवी घालावी लागल."

बाकीचे हसायचे. मला आतून राग यायचा. मी पहिला क्लॅरोनेट होतो, मास्तर होतो, आणि मी मास्तर का, तर माझ्या आवाजामुळं, आणि माझा आवाज कशामुळं, तर ह्या लाकडामुळं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. स्वतःला पण.

पुसेगावचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या पारावर बसलेला, नवरीकडचे लोक मांडवातून बोलवायला यायचे होते आणि ते येत नव्हते. ऊन चढलेलं. बँड पाराच्या सावलीला थांबला. आमची एक रीत होती. वाजवण्याच्या आधी क्लॅरोनेटचं तोंडाचं टोक, आम्ही त्याला माउथपीस म्हणतो, पत्तीसकट लोट्यातल्या पाण्यात बुडवून ठेवायचं. पत्ती वेताची असते, कोरडी असली तर किरकिर करते. लोटा एकच असायचा, दोघांचे माउथपीस त्यातच. भिजले की मी मास्तर म्हणून दोन्ही बाहेर काढायचो, पुसायचो, एक माझ्या जर्मनला बसवायचो, एक त्याच्या मेरठला बसवून त्याच्या हातात द्यायचो. दोन्ही काळे, दोन्ही सारखे दिसणारे. पण मी कधी चुकलो नव्हतो.

त्या दिवशी आमचं भांडण नेहमीपेक्षा वाढलं. नवरदेवाचे पाहुणे पण ऐकायला लागले. शेवटी ढोलवाला वैतागून म्हणाला, "आरं रोजचीच कटकट हाय तुमची. एकदाच फैसला करा. मास्तर, तुमी तोंड फिरवून बसा. भाई दोनी वाजवल. कोनता तुमचा ते वळखा."

"दोन सुरात वळखीन," मी म्हणालो.

मी लोट्यातून माउथपीस काढले, बसवले, दोन्ही क्लॅरोनेट भाईच्या हातात दिले आणि मारुतीकडे तोंड करून बसलो.

भाईनं पहिला वाजवला. मध्येच थांबला, मग परत वाजवला. मग दुसरा वाजवला. मी हात वर केला. "दुसरा. दुसरा माझा."

 ढोलवाला म्हणाला, "परत एक बार."

परत वाजवले, उलटसुलट करून. मी म्हणालो, "पयला माझा. आंधळ्याला कळल."

तिसऱ्यांदा पण मी लगेच सांगितलं. मग हसण्याचा असा फवारा उठला की पारावरची कबुतरं उडाली. मी वळून पाहिलं. भाईच्या हातात होता तो मेरठचा. तिन्ही वेळा मी मेरठला जर्मन म्हणालो होतो.

नवरदेवाचे मामालोक टाळ्या पिटत होते. एक जण म्हणाला, "मास्तर, मारुतीराया बी हासून राहिला."

माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि बोट दाखवून ओरडलो, "लबाडा, माउथपीस बदलला तू. माझा माउथपीस तुझ्या रबरावर लावला. हात की सफाई केली. लबाड हाय हा माणूस, तीस वर्सांपासून लबाड हाय."

हसणं थांबलं. भाईनं माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी न्हाई बदलला, मास्तर." एवढंच. एकदाच.

तेवढ्यात मांडवातून लोक आले आणि वाजवायची वेळ झाली. मी जर्मन तोंडाला लावला.

क्लॅरोनेट वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकतात. वर्षानुवर्षं टेकून तिथं खळगा पडतो. माझे दात सरळ, माझा खळगा उथळ आणि रुंद. भाईचा पुढचा एक दात सायकलवरून पडून वाकडा झालेला, त्याच्या माउथपीसला एकच खोल भोक पडलेलं, जसं बोरात अळीनं पाडावं. मी जर्मन तोंडाला लावला आणि माझा दात त्या भोकात गेला.

त्याच क्षणी कळलं. माउथपीस बदललाच होता, आणि तो मी बदलला होता. भांडता भांडता लोट्यातून काढले, न बघता बसवले. माझा कान बरोबर होता, त्यानं माझाच माउथपीस तिन्ही वेळा ओळखला होता. पण तो मेरठच्या रबरावर बसला तरी आवाज माझाच आला. म्हणजे इतकी वर्षं ज्या लाकडाचा मी एवढा डौल मिरवला, त्या लाकडात काही नव्हतं. आवाज माउथपीसचा होता आणि पत्तीचा होता.

आणि भाईला हे माझ्याही आधी कळलं असणार. दोन्ही त्यानं तोंडाला लावले होते. म्हणून तो मध्येच थांबला होता. बसवून कोणी दिले हे त्याला माहीत होतं. चार शब्द बोलला असता तर वऱ्हाडासमोर माझी फजिती झाली असती. तो बोलला नाही. वाट पाहत होता की मी बोलेन.

पारापासून मांडवापर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. माझ्या तोंडात त्याचा माउथपीस, त्याच्या तोंडात माझा. माझा श्वास आला की त्यानं सूर धरला. त्याचा आला की मी धरला. गाण्याला भोक पडलं नाही.

जेवणं झाली. मी लिंबाखाली बसून जर्मन पुसत होतो, काही घाण नव्हती तरी पुसत होतो. भाई हात धुऊन आला आणि समोर उभा राहिला.

"मास्तर, कायी सांगायचं हाय का?"

"न्हाई."

"बगा."

"न्हाई म्हनलं ना."

त्यानं मेरठ पिशवीत घातला, माझ्या माउथपीससकट, आणि रस्त्याकडे चालत गेला. बँडची जीप उभी होती, तरी तो जाणाऱ्या दुसऱ्या जीपला लोंबकळून गेला. माझा माउथपीस मागायचा तर कबूल करावं लागलं असतं. त्यानं पण मागितला नाही. पुढच्या लग्नाला तो आला नाही. नंतर कधीच आला नाही.

त्याच्या जागी बँडच्या मालकानं दुसरा माणूस आणला. चांगला वाजवायचा. पण माझा श्वास कधी संपतो ते त्याला कळायचं नाही, आणि तोंडानं सांगायची मला लाज वाटायची. गाण्याला भोकं पडायला लागली. मी नवा माउथपीस घेऊ शकलो असतो, हिंगोलीत मिळत होता. घेतला नाही. का घेतला नाही हे मला सांगता येत नाही. पुढं जितकी वर्षं वाजवलं, भाईच्याच माउथपीसवर वाजवलं. त्यामुळं जर्मनमधून भाईचा आवाज यायचा. शेजारी दुसराच माणूस उभा, आणि आवाज त्याचा. डोळे मिटून वाजवायची सवय मला तेव्हा लागली.

मग डीजे आले, मालकानं बँड मोडला. माझे वरचे दात गेले. कवळी लावून वाजवून पाहिलं, कवळी माउथपीसवर थरथरते आणि सूर बकरीसारखा निघतो. जर्मन अजून दणकट आहे, तडा सोडला तर. त्याला वाजवणारा टिकला नाही.

एवढं झालेलं. आणि पुसेगावात अजून म्हणतात, शिरडचा माउथपीस लावला का रे. बारा वर्षं माझ्या खोट्याची म्हण चालू आहे, आणि ज्याच्या नावानं चालू आहे तो लोकांना सांगतो, गोरेगावच्या मास्तरसारखा कान नाही.

तीन दिवस मी घरात येरझारा घातल्या. चौथ्या दिवशी माउथपीस रुमालात बांधला, खिशात घातला आणि हिंगोलीची जीप धरली. हिंगोलीहून एसटीनं औंढ्यावरून शिरड शहापूर. रस्त्यानं दोन्हीकडे हळद शिजवणं चालू होतं, सगळ्या गाडीत तिचा वास. मी मनात वाक्यं जुळवत होतो. मला माफी मागायची सवय नाही. बायकोची पण कधी मागितली नाही.

भाई मुलाच्या पंक्चरच्या दुकानापुढं खाटेवर बसला होता. दाढी पूर्ण पांढरी. डोळ्यावर हात धरून म्हणाला, "कोन?"

"मी."

"मी कोन? मी त बकरी बी म्हनते."

"गोरेगाव."

त्यानं डोळ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "बारा वर्सं लागले? जीप पंक्चर झाली व्हती का, मास्तर?"

भाभी चहा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, लय वाळलात. वैनी कशा हाइत?" मी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या.

मी रुमाल सोडून माउथपीस खाटेवर ठेवला. भाईनं तो उचलला, अंगठ्यानं ते भोक चाचपलं. "दात ह्याच्यात ऱ्हायला," तो म्हणाला, "तोंडातला गेला."

"भाई," मी म्हणालो, "त्या दिवशी लोट्यातून काढताना—"

"हळू काहून बोलून राहिले? त्या दिवशी त लय मोठ्यानं बोलले व्हते."

"भाभी हाइत."

"आसू द्या. त्या दिवशी ती नव्हती. मास्तर, तुमी मला वऱ्हाडापुढं लबाड म्हनले. आता खाटंवर बसून कानात सांगितलं त ते फिटत न्हाई. मी पुसेगावातून जातो त पोरं हासतात मला."

"मंग काय करू? ढोलवाला गेला. झांजवाला गेला. कोनाला सांगू?"

"ते मी कसं सांगू? म्हनताना मला इचारलं व्हतं का?"

त्यानं माउथपीस परत रुमालात बांधला, गाठ मारली आणि माझ्या खिशात घातला. "माझा?" मी विचारलं. "हाय," तो म्हणाला. 

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. मला कवळीमुळं भाकरी चावत नाही हे भाभींनी पाहिलं आणि न विचारता दुधात कुस्करून दिली. भाई स्टँडपर्यंत आला. एसटी लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "जर्मनचा तडा कसा हाय?"

"वाढलाय."

"रेशीम बदला. जुनं रेशीम ढिलं पडतं."

"आन मेरठ?"

"गाद्या उंदरानं खाल्ल्या. बाकी त्याला काय धाड भरली."

परत येताना हिंगोलीला उतरलो पण गोरेगावची जीप धरली नाही. पुसेगावची धरली. घरी गेलो असतो तर परत निघालो नसतो, मी मला ओळखतो.

पुसेगावात त्या बँडवाल्याच्या घरी गेलो. म्हणालो, तुझ्या बापाला पारावर बोलव, आणि त्या लग्नात होते ते जेवढे जिवंत आहेत तेवढ्यांना बोलव. त्याला वाटलं मी पडलो-बिडलो का काय, डोक्याला मार लागलाय. पण गेला बोलवायला. दिवस कलताना नऊ माणसं जमली. त्यात तीन म्हातारे त्या दिवशी होते. नवरदेवाचा एक मामा होता, टाळ्या पिटणारा. बाकीचे गंमत बघायला.

मी उभा राहिलो. लोट्याची रीत सांगितली, खळगा सांगितला, वाकडा दात सांगितला. खिशातून माउथपीस काढून हातोहात फिरवला. "बदलला मी व्हता," मी म्हणालो. "चुकून बदलला. कळलं तवा बी सांगितलं न्हाई. तो लबाड नव्हता."

मामा म्हणाला, "मंग लबाड कोन?"

"मी."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. बँडवाल्याला मी म्हणालो, "आन तुला बी खोटं सांगितलं. लाकडानं कायी व्हत न्हाई. मेरठचा घे, उन्हाला टिकतो, आन माउथपीस चांगला पाहून घे." त्यानं मान हलवली.

त्याचा बाप पुढं आला. तो म्हणाला, "मास्तर, हे समदं खरं. पन ज्याला म्हनले तो कुठं हाय? त्याला काहून न्हाई आनलं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लाव रे फोन चाचाला," बाप पोराला म्हणाला. "मोठ्या आवाजावर लाव."

फोन पाराच्या कडेला ठेवला. भाईनं उचलला. मागं हवा भरायच्या पंपाचा आवाज चालू होता.

"भाई, मी पुसेगावच्या पारावर हाय," मी म्हणालो.

पंप थांबला. "कोन कोन हाय?"

"नऊ जन. तिघं त्या दिवसाचे."

"मंग बोला."

मी परत बोललो. लोटा, माउथपीस, सगळं. नऊ माणसं माझ्याकडे न बघता त्या फोनकडे बघत होती. शेवटी म्हणालो, तो लबाड नव्हता, मी होतो.

"आवाज नीट न्हाई आला," फोनमधून भाई म्हणाला. "शेवटचं परत."

मी मोठ्यानं म्हणालो. कवळी हलली, थोडं बोबडं झालं. पण पाराच्या पलीकडं दळण घेऊन चाललेली बाई थांबली, इतकं मोठ्यानं झालं.

 पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. मग भाई म्हणाला, "बरं." आणि फोन बंद झाला.

सगळ्यांना वाटलं मिटलं. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला, बँडवाला चहा आणायला पळाला. मी पायरीवर बसलो. तीस वर्षांत मी त्याचं 'बरं' हजार वेळा ऐकलं असेल. एक 'बरं' असतं ते ह्याच्या पुढं तुमच्याशी संबंध नाही असं. एक असतं ते चला, वाजवू या, असं. समोर असला तर मला खांद्यावरून कळतं. फोनवरून कळलं नाही. जिल्ह्यात कान नाही म्हणतात माझ्यासारखा, आणि मला कळलं नाही.

उद्या शिरडला जाणार आहे.